दोन राजांना नकार देणारा बिशप

१६८८ च्या जून महिन्यात इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याने आपल्याच राज्यातल्या सात बिशपांना कैद करून टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवलं. राजाची एक आज्ञा पाळायला त्यांनी नकार दिला होता. वर्ष संपायच्या आत तो राजा देश सोडून पळाला आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी त्याचीच मुलगी मेरी व जावई विल्यम गादीवर आले. जुन्या राजाने ज्यांना तुरुंग दाखवला, ते नव्या राजवटीत मानाने मिरवतील असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्या सातांपैकी पाच जणांनी नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. त्या पाचांपैकी एक होता बाथ अँड वेल्सचा बिशप टॉमस केन. त्याने बिशपपद, राजवाडा आणि उत्पन्न सोडलं आणि आयुष्याची शेवटची वीस वर्षं मित्राच्या घरी काढली.

एकाच माणसाने आधी राजाच्या विरोधात उभं राहावं आणि मग त्याच राजासाठी सर्वस्व सोडावं, हे वरवर विसंगत दिसतं. त्याचा उलगडा होण्यासाठी केनच्या पिढीने काय पाहिलं होतं ते लक्षात घ्यावं लागतं.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी नातं तोडलं आणि इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. तेव्हापासून बिशप ठरवायचा तो राजाने. बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत, कायदे करत आणि राजनिष्ठेची शपथ घेत. त्यामुळे धर्माचा प्रत्येक वाद राज्याचा वाद होई. केनचा जन्म १६३७ चा. तो पाच वर्षांचा असताना राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं. १६४५ मध्ये आर्चबिशप लॉडचं मुंडकं उडवलं गेलं, पुढच्या वर्षी बिशपपदच रद्द झालं आणि १६४९ मध्ये खुद्द पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. आईबाप लवकर गेलेल्या केनचा सांभाळ थोरली सावत्र बहीण ॲन आणि तिचा नवरा आयझॅक वॉल्टन यांनी केला. मासेमारीवरच्या पुस्तकासाठी इंग्रजी साहित्यात अमर झालेला वॉल्टन तो हाच. मुलगा विंचेस्टरच्या शाळेत शिकला. तिथल्या ओवरीतल्या एका दगडावर त्याने कोरलेलं आपलं नाव आणि १६५६ हे साल आजही दिसतं.

१६६० मध्ये राजेशाही परतली, बिशप परतले. त्या वीस वर्षांच्या रक्तपातातून चर्चने एक शिकवण मनाशी घट्ट धरली. राजा देवाने नेमलेला, त्याच्यावर शस्त्र उचलणं पाप. मग राजाने देवाच्या आज्ञेविरुद्ध काही करायला सांगितलं तर? तर ते करायचं नाही, आणि त्याची जी शिक्षा होईल ती निमूट भोगायची. बंड मात्र करायचं नाही. केनच्या आयुष्यातले पुढचे सगळे पेच याच शिकवणीतून निर्माण झाले. ती ऐकायला मवाळ वाटते, पण प्रामाणिकपणे पाळणाऱ्याला ती दोन्हीकडून चिरडू शकते.

राजदरबारी केनची पहिली परीक्षा हेग शहरात झाली. १६७९ मध्ये तो राजकन्या मेरीचा धर्मगुरू म्हणून तिकडे गेला. तिचा नवरा, ऑरेंजचा विल्यम, याच्या एका नातलग सरदाराने मेरीच्या सखीला फसवलं होतं. केनने त्या सरदाराला तिच्याशी लग्न करायला भाग पाडलं. विल्यम संतापला, पण केन मागे हटला नाही. दहा वर्षांनी ज्या दोघांच्या निष्ठेची शपथ त्याच्यासमोर आली, ती याच मेरीची आणि याच विल्यमची.

मग १६८३ मध्ये तो आरमाराबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या टँजिअरला गेला. मुंबईकरांनी या गावाचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. पोर्तुगालच्या कॅथरिनचं दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं तेव्हा टँजिअर आणि मुंबई ही दोन्ही ठिकाणं एकाच आंदणात इंग्लंडला मिळाली. मुंबई चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. टँजिअर मात्र वीसेक वर्षं तिजोरी खात राहिलं, आणि शेवटी तटबंदी व धक्का सुरुंगांनी उडवून ते सोडून द्यायचं ठरलं. त्याच मोहिमेवर केन आणि रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस एका जहाजातून गेले. टँजिअरचा गव्हर्नर पर्सी कर्क हा क्रूर आणि बेताल माणूस. तिथल्या बेबंद वागणुकीवर केनने प्रवचनांतून कोरडे ओढले, आणि कर्कशी त्याचे उघड खटके उडाले. हा कर्क पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्याच सुमाराला घडलेला एक प्रसंग इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. चार्ल्स राजा विंचेस्टरला मुक्कामाला येणार होता. बरोबर त्याची प्रेयसी, नटी नेल ग्विन. तिच्यासाठी राजाच्या माणसांनी नेमकं केनचं घर निवडलं. केनने साफ नकार दिला. धर्मगुरूच्या घरात राजाची रखेली राहणार नाही. असा माणूस राजाच्या मर्जीतून उतरायचा. पण १६८४ च्या अखेरीस बाथ अँड वेल्सचं पद रिकामं झालं तेव्हा, नेलीला दाराबाहेर ठेवणाऱ्या त्या लहानखुऱ्या माणसालाच ते द्या, असं चार्ल्स म्हणाला, अशी आख्यायिका आहे. चार्ल्समध्ये हजार दोष होते, पण माणसाची पारख होती. २५ जानेवारी १६८५ रोजी केनचा अभिषेक झाला. अशा वेळी मेजवानी देण्याची रीत होती. तिच्याऐवजी त्याने सेंट पॉलच्या बांधकामाला शंभर पौंड दिले.

अभिषेकाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच चार्ल्स मरणपंथाला लागला. बिछान्यापाशी केन रात्रंदिवस उभा होता. त्याने राजाला पश्चात्ताप करायला विनवलं, पापक्षमेची प्रार्थना म्हटली आणि प्रभुभोजन घेण्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं. राजा घाई नाही एवढंच म्हणत टाळत राहिला. मग सगळ्यांना खोलीबाहेर काढण्यात आलं, आणि भाऊ जेम्सच्या सांगण्यावरून मागच्या जिन्याने हडलस्टन नावाचा कॅथलिक पाद्री आत आणला गेला. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख असलेला राजा कॅथलिक म्हणून मेला. नवा राजा जेम्स तर उघडच कॅथलिक होता. एप्रिलमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला तेव्हा परंपरेप्रमाणे बाथ अँड वेल्सचा बिशप, म्हणजे केन, त्याच्या शेजारून चालला.

जूनमध्ये बंड झालं. चार्ल्सचा अनौरस मुलगा, ड्यूक ऑफ मन्मथ, प्रॉटेस्टंट पंथाच्या नावाने सैन्य उभारत इंग्लंडच्या नैऋत्येला उतरला. विणकर आणि शेतकरी त्याला येऊन मिळाले. हा बराचसा मुलूख केनच्या धर्मप्रांतातला. ६ जुलैला सेजमूरच्या पाणथळ रानात बंडाचा चुराडा झाला. या लढाईत एक बिशप हजर होता: विंचेस्टरचा पीटर म्यूज. त्याने आपल्या बग्गीचे घोडे राजाच्या तोफा ओढायला दिले. जवळच्या वेस्टन झॉयलंडच्या चर्चमध्ये पाचशेच्या आसपास कैदी कोंडले गेले, त्यांत कित्येक जखमी. कर्क आपली टँजिअरची पलटण घेऊन टॉन्टनला आला आणि त्याने कैद्यांना फासावर लटकवायला सुरुवात केली. पाठोपाठ सरन्यायाधीश जेफ्रीज आला. त्याच्या फिरत्या न्यायासनाने तीनशेच्या आसपास माणसं मारली आणि सुमारे आठशे वेस्ट इंडीजमध्ये मजुरीला धाडली. गावोगावच्या वेशींवर माणसांचे तुकडे टांगलेले होते.

केनचं वागणं इथे दोन ठिकाणी पाहावं. १५ जुलैला मन्मथचा वध झाला तेव्हा वधस्तंभापाशी असलेल्या चार धर्मगुरूंत केन होता. बंड हे पाप होतं असं मन्मथने कबूल करावं, म्हणून ते चौघं शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या मागे लागले. मन्मथने ते शब्द उच्चारले नाहीत. जल्लादाने नीट वार केले नाहीत, अनेक घाव घालावे लागले. मरणाच्या दारातल्या माणसाला असं छळणं मला कठोर वाटतं. त्या काळीही अनेकांना वाटलं. पण केनची त्या शिकवणीवर किती गाढ श्रद्धा होती, ते इथे दिसतं.

नंतर तो आपल्या धर्मप्रांतातल्या वेल्स शहरात गेला. तिथे हजाराच्या घरात बंडखोर कैदेत होते. ज्यांचं कृत्य त्याच्या लेखी महापाप, त्या माणसांपाशी तो दिवसा गेला, रात्री गेला. पदरचं अन्न-वस्त्र दिलं, इतरांना द्यायला लावलं. रविवारी त्याच्या राजवाड्यात बारा गरीब माणसं त्याच्याच मेजावर जेवत, आणि उरलेलं अन्न घरी नेत. फ्रान्समध्ये १६८५ च्या ऑक्टोबरात चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं, तेव्हा परागंदा झालेल्या ह्युगनॉट कुटुंबांसाठी त्याने देणगीचं आवाहन केलं, आणि पदाच्या उत्पन्नातून एकरकमी मिळालेल्या चार हजार पौंडांतला बराचसा भाग त्यांना दिला.

आता १६८८. जेम्सने एक जाहीरनामा काढला: कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंटांमधले चर्चबाहेरचे पंथ असोत, सगळ्यांना उपासनेचं स्वातंत्र्य, आणि सरकारी पदांसाठी धर्माची अट रद्द. ४ मे रोजी हुकूम निघाला की हा जाहीरनामा प्रत्येक चर्चमध्ये दोन रविवार वाचून दाखवावा. आजच्या वाचकाला इथे अडखळायला होईल. धर्मस्वातंत्र्य देणारा राजा आणि त्याला अडवणारे बिशप, मग चूक कोण? पेनसिल्व्हेनिया वसवणारा क्वेकर विल्यम पेन जेम्सच्या बाजूने होता. आणि याच चर्चच्या राज्यात जॉन बन्यनसारखा उपदेशक बारा वर्षं तुरुंगात राहिला होता. आपल्या चर्चचं वर्चस्व टिकवण्याचा हेतू बिशपांच्या मनात नव्हताच, असं मला म्हणवत नाही.

पण त्यांचा मुद्दा खरा होता. पार्लमेंटने केलेले कायदे राजा एका फर्मानाने गुंडाळून ठेवू शकतो का? आज ज्या कायद्याने छळ होतो तो त्याने रद्द केला, उद्या ज्याने संरक्षण मिळतं तोही करील. शेजारच्या फ्रान्समध्ये लुईने ते करून दाखवलं होतं. कॅथलिक राजाने देऊ केलेली सवलत चर्चबाहेरच्या अनेक प्रॉटेस्टंटांनीही याच भीतीने नाकारली, आणि बिशप तुरुंगात गेल्यावर त्यांचे काही पाद्री भेटायला गेले.

१८ मेच्या संध्याकाळी सहा बिशप व्हाइटहॉलच्या राजवाड्यात राजापुढे गुडघे टेकून बसले. सातवा, आर्चबिशप सँक्रॉफ्ट, याला दरबाराची बंदी होती, पण अर्ज त्याच्याच हस्ताक्षरात होता. जाहीरनाम्यामागचा अधिकार पार्लमेंटने वारंवार बेकायदा ठरवला आहे, तेव्हा तो वाचण्यात सहभागी होण्याची आमच्यावर सक्ती करू नये, एवढीच विनंती त्यात होती. जेम्सने वाचलं आणि त्याचा चेहरा बदलला. हे तर बंडाचं निशाण आहे, असं तो म्हणाला. केनने त्याला सांगितलं की महाराज सगळ्या मनुष्यमात्राला जे स्वातंत्र्य देत आहेत तेच आम्हालाही द्यावं. देवाचं भय आणि राजाचा मान दोन्ही राखू, असंही बिशप म्हणाले. त्याच रात्री अर्जाच्या छापील प्रती लंडनच्या रस्त्यांवर विकल्या गेल्या. रविवारी लंडनच्या शंभरेक चर्चपैकी चारच ठिकाणी जाहीरनामा वाचला गेला, आणि तिथूनही लोक उठून गेले.

८ जूनला सातही जणांना राजद्रोही बदनामीच्या आरोपाखाली टॉवरमध्ये पाठवलं. थेम्सच्या दोन्ही काठांवर लोकांनी गुडघे टेकले. टॉवरच्या पहाऱ्यावरच्या सैनिकांनी कैद्यांकडेच आशीर्वाद मागितला. २९ जूनला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. चार न्यायाधीशांपैकी होलोवे आणि पॉवेल यांनी बिशपांच्या बाजूने मत दिलं. सरकारी वकिलांची सुरुवातीलाच दमछाक झाली, कारण सही बिशपांचीच आणि अर्ज राजाला दिला तो त्यांनीच, हेही सिद्ध करणं त्यांना अवघड गेलं. ज्युरी रात्रभर बंद खोलीत वाद घालत बसली. अडून बसला होता तो राजवाड्याला बिअर पुरवणारा अर्नोल्ड. दोषी म्हटलं तर बाकीचं गिऱ्हाईक जाणार, निर्दोष म्हटलं तर राजवाड्याचं, अशा कात्रीत तो सापडला होता. ऑस्टिन नावाचा धिप्पाड ज्युरर त्याला म्हणाला की या अर्जाला गुन्हा ठरवण्यापेक्षा उपाशी राहून मी तंबाखूच्या चिलमीच्या दांडीएवढा होईन. पहाटे अर्नोल्डने मान तुकवली. ३० जूनला निकाल लागला: निर्दोष. हाउन्स्लोच्या मैदानावर जेम्सचं सैन्य तळ देऊन होतं; त्या सैनिकांनीही जयघोष केला. आणि त्याच दिवशी सात बड्या इंग्रजांनी विल्यमला बोलावणं धाडलं. होलोवे आणि पॉवेलना जेम्सने बडतर्फ केलं, पण त्याचे स्वतःचे दिवस भरत आले होते.

५ नोव्हेंबरला विल्यम टॉर्बेला उतरला. सैन्य वेल्सच्या वाटेवर आलं तेव्हा केन राजवाडा सोडून निघून गेला, कारण जेम्सच्या निष्ठेची शपथ घेतलेल्याने आक्रमकाचं स्वागत करायचं नाही. जेम्स फ्रान्सला पळाला. जानेवारी १६८९ मध्ये भरलेल्या सभेत केनने राजाचं नाव कायम ठेवून कारभार दुसऱ्याकडे द्यावा, या बाजूने मत दिलं. ५१ विरुद्ध ४९ अशा मतांनी तो पर्याय फेटाळला गेला. मेरी आणि विल्यम राजा-राणी झाले. सरकारी आणि धार्मिक पदांवरच्या सगळ्यांनी १ ऑगस्टपर्यंत नव्या निष्ठेची शपथ घ्यावी, असा कायदा झाला.

केनला हे सोपं गेलं नाही. आपण एकटे पडू, चर्चमध्ये फूट पडेल, याचं दुःख त्याला होतं. जेम्सने आयर्लंड फ्रान्सच्या हाती देण्याचा घाट घातल्याच्या बातम्यांनी त्याचं मन डळमळलं होतं. जुना मित्र जॉर्ज हूपर याने एका रात्री त्याची इतकी समजूत घातली की तो जवळजवळ तयार झाला. सकाळी उठल्यावर मात्र त्याने हूपरला विनवलं की आता यावर बोलू नका, कारण शपथ घेऊन पुढे पस्तावलो तर माझ्यासारखा दुर्दैवी मीच. जेम्सला दिलेला शब्द जेम्स जिवंत असेपर्यंत मोडत नव्हता. जेम्स वाईट राजा होता, हे केनइतकं जवळून फार थोड्यांनी अनुभवलं होतं. पण शपथ दिली ती देवाला साक्षी ठेवून. राजा वाईट निघाला म्हणून ती सुटत नाही, असं त्याला वाटलं.

जगाने मात्र त्याच्याशिवाय पुढे पाऊल टाकलं. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याचं पहिलंच कलम म्हणतं की पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाने कायदे स्थगित करणं बेकायदा आहे. पाचवं कलम राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा हक्क मान्य करतं. ही दोन्ही कलमं त्या सातांच्या अर्जावरून आणि खटल्यावरून आलेली आहेत. पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी १६९० रोजी, याच राजवटीने केनला पदावरून दूर केलं. त्याच्यासारखे शपथ नाकारणारे धर्मगुरू चारशेच्या आसपास होते. वेल्समध्ये रिचर्ड किडर बिशप झाला. केनने आपली चीजवस्तू विकली. हाती आलेले सुमारे सातशे पौंड त्याने विद्यार्थिदशेतला मित्र लॉर्ड वेमथ याच्याकडे ठेवले. त्या बदल्यात वेमथने लाँगलीटच्या आपल्या वाड्यात राहायला जागा आणि वर्षाला ८० पौंड द्यायचं ठरलं.

शपथ नाकारणाऱ्यांची कुटुंबं उपाशी राहू लागली, तेव्हा केनने त्यांच्यासाठी मदत मागणारं पत्रक काढलं. १६९६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याला बोलावून चौकशी केली, की सरकारविरोधकांना मदत का? त्याने सेजमूरच्या कैद्यांची आठवण दिली. त्यांची मी सेवा केली तेव्हा जेम्सनेही मला दोष दिला नव्हता, असं तो म्हणाला. त्याला सोडून द्यावं लागलं. जेम्सच्या बाजूचे काही जण गुपचूप नवे बिशप नेमून वेगळं चर्च चालवू लागले, तेव्हाही केनने विरोधच केला. त्याला आपली गादी हवी नव्हती आणि चर्चमध्ये दुसरी गादीही नको होती.

१७०३ च्या नोव्हेंबरातल्या महावादळात वेल्सच्या राजवाड्याचं धुराडं छपरासकट कोसळलं आणि किडर व त्याची बायको झोपेतच ठार झाले. त्या रात्री केन आपला भाचा, धाकटा आयझॅक वॉल्टन, याच्याकडे पोलशॉटला होता. त्याच्या खोलीवरचं आढंही निसटता निसटता वाचलं. जागा हूपरला मिळाली. मग केनने आपला हक्क स्वखुशीने सोडून दिला. तोवर गादीवर आलेल्या ॲन राणीने त्याला २०० पौंडांचं वर्षासन दिलं. १९ मार्च १७११ रोजी तो लाँगलीटला वारला. फ्रूमच्या चर्चच्या आवारात, वेदीच्या खिडकीबाहेर, उजाडताना सहा गरीब माणसांच्या खांद्यावरून नेऊन त्याला पुरण्यात आलं. विंचेस्टरच्या मुलांसाठी लिहिलेली त्याची सकाळ-संध्याकाळची स्तोत्रं इंग्रजी उपासनेत आजही गायली जातात.

आपल्याला मेकॉले आठवतो तो भारतीय दंड संहितेचा आणि इंग्रजी शिक्षणाचा. त्यानेच इंग्लंडच्या इतिहासात या खटल्याचं भरभरून वर्णन केलं आहे. जेम्सच्या पतनावर तो खूश आहे आणि केनचा शपथेविषयीचा निर्णय त्याला मान्य नाही. तरीही ख्रिस्ती सद्गुणाच्या आदर्शाच्या इतकं जवळ पोचलेला माणूस म्हणून त्याने केनला जे स्थान दिलं ते फार थोड्यांना दिलं. मेकॉलेचं हे मत मला पटतं. जेम्सविषयी विल्यमचं म्हणणं बरोबर होतं आणि शपथेविषयी केनचं चुकलं, असं मानायला हरकत नाही. पण त्याच्या दोन्ही नकारांची किंमत त्याने स्वतः मोजली, आणि दुसऱ्या कुणाच्या खिशातून मोजू दिली नाही.